वाईन कूलरचा सेन्सर बिघडलाय का? आधी बर्फाचा पेला भरा

कोल्हापूरच्या रुईकर कॉलनीतल्या एका काकूंचा फोन आला. "मिस्त्री, मशीनमध्ये ६१ डिग्री झालंय! माझ्या चॉकलेटांची रबडी व्हायची. असाल तसे या." या काकू घरी चॉकलेटं करून विकतात आणि ती ठेवायला मुलानं घेतलेला वाईन कूलर, म्हणजे वाईनच्या बाटल्या ठेवायचा छोटा फ्रीज, वापरतात. मी म्हटलं, काकू, दार उघडून आत हात घाला, गरम लागतंय का? "नाही हो, गार आहे, पण आकडा बघा ना!" मग त्यांना पॅनेलवरचं एक बटण पाच सेकंद दाबून धरायला सांगितलं. आकडा ६१ चा १६ झाला. फडक्यानं पॅनेल पुसताना बटण दाबलं गेलं होतं आणि मशीन फॅरनहाइटमध्ये गेलं होतं. सेन्सर ठणठणीत. ही रिपेरी फोनवरच झाली, पैसे नाहीत, पण दिवाळीला चॉकलेटांचा डबा आला.

हा किस्सा आधी सांगायचं कारण असं की 'सेन्सर गेलाय' म्हणून मला जे फोन येतात, त्यातल्या निम्म्याहून जास्त वेळा सेन्सर गेलेलाच नसतो. आणि जेव्हा खरंच गेलेला असतो, तेव्हा गिऱ्हाइकाला कोणीतरी अख्खा बोर्ड, म्हणजे मशीन चालवणारी सर्किटची पाटी, बदलायला सांगितलेलं असतं. शंभर-दीडशेच्या आतली वस्तू आणि तीन-साडेतीन हजारांचा बोर्ड, यातला फरक घरच्या घरी अर्ध्या तासात कळतो. एक साधा डिजिटल मल्टिमीटर, एक पेला आणि फ्रीजमधला बर्फ एवढंच लागतं.

माझं शिक्षण वाईनवर झालं नाही. करवीर, कागल भागातल्या दूध संस्थांच्या बल्क कूलरवर हात बसला. तिथं दूध ४ डिग्रीवर यायलाच लागतं, नाही आलं तर पहाटे साडेपाचला संस्थेचा सेक्रेटरी दारात उभा. त्यामुळं डिस्प्लेवर विश्वास ठेवायचा नाही, ही सवय तिथंच लागली. वाईन कूलर नंतर आले, आधी हॉटेलांत, मग ताराबाई पार्क, नागाळा पार्कातल्या घरांत. यंत्र छोटं, पण आतला सेन्सर त्याच जातीचा.

ही जात म्हणजे एनटीसी थर्मिस्टर. काळ्या किंवा पांढऱ्या टोपीतला मणी, हरभऱ्याएवढा किंवा त्याहून लहान, त्याला दोन बारीक वायरी. आतली हवा गार झाली की याचा रेझिस्टन्स, म्हणजे विजेला होणारा अडथळा, वाढतो, गरम झाली की कमी होतो. बोर्ड तो रेझिस्टन्स मोजतो आणि त्यावरून डिग्री ठरवतो. एवढं एक उलटं नातं डोक्यात बसलं की पुढचं सगळं सोपं आहे. वायर तुटली तर रेझिस्टन्स अफाट, म्हणजे बोर्डाला वाटतं आत हिमालय आहे. दोन वायरी एकमेकींना चिकटल्या तर रेझिस्टन्स शून्य, म्हणजे बोर्डाला वाटतं आत भट्टी पेटलीय. या दोन्ही टोकांना बहुतेक मशीन ई-१, ई-२ असा काहीतरी कोड दाखवतात आणि बीप बीप करत बसतात. कोणता कोड कशाचा, ते कंपनीगणिक बदलतं, त्यामुळं मशीनसोबत आलेलं पुस्तक बघा. कोड आला तर मी खूशच होतो, कारण चोर स्वतःहून हात वर करून उभा राहिलेला असतो.

त्रास देतो तो कोड न दाखवणारा सेन्सर. शाहूपुरीतल्या एका गृहस्थांकडं असाच कूलर होता. सेट १२, डिस्प्लेवर १२, महिनोन्‌महिने १२. तक्रार एवढीच की नाशिकहून आणलेली वाईन 'कोमट लागते'. त्यांच्याकडं आधी आलेला माणूस म्हणाला होता, डिस्प्ले बरोबर आहे, तुमच्या जिभेचा दोष. मी पाण्यानं भरलेला पेला मधल्या फळीवर ठेवला, त्यात स्वयंपाकघरातला डिजिटल थर्मामीटर सोडला, आणि उद्या येतो म्हणून निघून गेलो. दुसऱ्या दिवशी पाणी १८ डिग्री. डिस्प्लेवर आपलं १२.

इथं जरा थांबून विचार करा, कारण ही गोष्ट बऱ्याच मेकॅनिक लोकांनाही लक्षात येत नाही. सेन्सर सहा डिग्री गार दाखवत असेल तर डिस्प्लेवर कमी आकडा दिसायला पाहिजे असं आपल्याला वाटतं. तसं होत नाही. बोर्ड स्वतःला दिसणारा आकडा १२ वर आणून ठेवतो आणि तिथंच कॉम्प्रेसर बंद करतो. त्याला १२ दिसतंय, तो समाधानी. आत खरं १८ आहे हे त्याला सांगणारं दुसरं कोणी नाहीच. म्हणून डिस्प्ले बघून सेन्सरचा दोष कधीच सापडत नाही. पाण्याचा पेला ठेवा, किमान बारा तास ठेवा, दार उघडू नका. नुसत्या हवेत थर्मामीटर टांगू नका. कॉम्प्रेसर चालू-बंद होताना हवा दोन-तीन डिग्री वर-खाली होतच असते, बाटलीतली वाईन होत नाही. पेल्यातलं पाणी बाटलीसारखं वागतं.

पेला आणि डिस्प्ले यांत एक-दोन डिग्रीचा फरक असेल तर काही करू नका. वरच्या आणि खालच्या फळीतच तेवढा फरक असतो. तीन-चारच्या पुढं गेला तर मीटर काढा.

पण मीटर काढायच्या आधी एक खात्री करा, तुमचा कूलर कॉम्प्रेसरवाला आहे की पेल्टियरवाला, म्हणजे कॉम्प्रेसरशिवाय विजेच्या चकतीनं गार करणारा. छोटे आठ-बारा बाटल्यांचे, मागं पंखा आणि ॲल्युमिनियमच्या पट्ट्या असलेले, कॉम्प्रेसरचा गुरगुर आवाज नसलेले, ते बहुतेक पेल्टियरचे. पेल्टियर बाहेरच्या हवेपेक्षा पंधरा-वीस डिग्रीच खाली जातो. एप्रिलमध्ये आपल्याकडं खोलीत ३६-३७ असताना तो १८-२० वर अडकला तर तो सेन्सरचा दोष नाही, त्याची तेवढीच झेप आहे. भिंतीपासून चार बोटं पुढं ओढा, मागच्या पट्ट्यांतली धूळ ब्रशनं काढा, पंखा फिरतोय का बघा. यावर एका हॉटेलवाल्याशी माझं भांडण झालंय. त्यानं कूलर तंदूरच्या भिंतीला लावला होता आणि म्हणत होता, सेन्सर बदला. मी सेन्सर बदलला नाही, कूलर हलवला. त्याला वाटलं मी काम टाळतोय.

आता मुख्य काम. प्लग भिंतीतून काढा. स्विच बंद करून चालणार नाही, प्लगच बाहेर. पेल्टियरवाल्यात मागं एसएमपीएस, म्हणजे वीजपुरवठ्याचा डबा, असतो आणि त्याच्या कपॅसिटरात प्लग काढल्यावरही तीनशेच्या वर व्होल्ट काही वेळ राहतात, तो डबा उघडू नका. कॉम्प्रेसरवाल्यात मागच्या पाटीवर आर६००ए लिहिलं असेल तर आतला गॅस पेट घेणारा आहे. त्यामुळं आतल्या भिंतीला ड्रिल, खिळा, स्क्रू ड्रायव्हरचं टोक असलं काही लावायचं नाही. सेन्सरसाठी त्याची गरजही नसते.

आतला सेन्सर बहुधा मागच्या किंवा बाजूच्या भिंतीवर एका जाळीदार प्लास्टिकच्या टोपीखाली असतो. टोपी खटक्यावर असते किंवा एका स्क्रूवर. दोन कप्प्यांच्या मशीनला दोन सेन्सर, काहींना बर्फ वितळवण्यासाठी आणखी एक, थेट कूलिंग कॉइलला क्लिप केलेला. हा तिसरा गेला तर मागच्या भिंतीवर बर्फ साचत जातो. दोन कप्पे असतील तर मीटरचीसुद्धा गरज नाही. बोर्डावर दोन्ही सेन्सरचे जॅक, म्हणजे वायरीच्या टोकाचे छोटे प्लग, सारखेच असतील तर त्यांची अदलाबदल करा. खोटा आकडा दुसऱ्या कप्प्यात गेला तर सेन्सर खराब, होता तिथंच राहिला तर बोर्ड किंवा त्याच्या पिना खराब. काम झाल्यावर जॅक परत जागेवर लावायला विसरू नका. मी एकदा विसरलोय.

एकच सेन्सर असेल तर त्याच्या वायरीचा माग काढत बोर्डापर्यंत जा, वरच्या बिजागरीमागं किंवा मागच्या पत्र्याखाली तो सापडेल. दोन पिनांचा पांढरा जॅक बोर्डातून उपसा. वायर धरून ओढू नका, जॅकला नखानं धरा. सेन्सर बोर्डाला जोडलेला असताना मोजला तर मीटर बोर्डाचं गणित दाखवतं, सेन्सरचं नाही.

मीटर २०० के वर ठेवा, के म्हणजे हजार ओहम, रेझिस्टन्सचं माप. बरेच लोक २० के वर ठेवतात आणि गार सेन्सर मोजताना मीटरवर नुसता १ दिसला की वायर तुटली म्हणून मोकळे होतात. ती तुटलेली नसते, मीटरची पट्टी संपलेली असते. मीटरच्या सुया जॅकच्या दोन पिनांना लावा. दोन्ही सुयांचं धातूचं टोक एकाच वेळी बोटांनी धरू नका, तुमच्या अंगाचा रेझिस्टन्सही मोजला जाईल.

आता सेन्सरचं टोक चिमटीत धरा. बोटाच्या उबेनं आकडा हळूहळू खाली यायला लागला पाहिजे, पाण्यासारखा सरळ. उड्या मारत असेल, मध्येच १ दाखवून परत येत असेल, तर वायर आतून तुटलीय किंवा मण्यात पाणी गेलंय. वायर टोपीजवळ हळूच वाकवून बघा, बहुतेक तिथंच तुटते.

मग बर्फ. घरच्या फ्रीजमधले बर्फाचे खडे कापडात गुंडाळून लाटण्यानं फोडा, पेला काठोकाठ भरा आणि फटी भरतील एवढंच गार पाणी घाला. पाण्यावर बर्फ तरंगणारा पेला नको, बर्फात पाणी पाहिजे. रसवंतीवरून आणायचा झाला तर मिठाच्या पोत्याशेजारी ठेवलेला नको, मीठ लागलं की शून्य खाली घसरतं. सेन्सरला पातळ पिशवी गुंडाळून पेल्याच्या मध्यावर बुडवा, काठाला टेकवू नका, दोन-तीन मिनिटं ढवळत राहा. आता तुमच्याकडं शून्य डिग्री आहे, पक्की, फुकटातली. उकळत्या पाण्याचा विचार करू नका. एक तर मण्याची टोपी सुटेल, शिवाय कोल्हापूर समुद्रसपाटीपासून सुमारे साडेपाचशे मीटर उंच आहे, इथं पाणी ९८ च्या आसपासच उकळतं. बर्फाला उंचीचं काही पडलेलं नाही.

सगळ्यात जास्त सापडतो तो १० के चा सेन्सर, म्हणजे २५ डिग्रीला १० के ओहम. तो ३० डिग्रीला ८ के च्या जवळ, २० ला १२ ते साडेबारा, १० ला १८ ते २० आणि बर्फात २७ ते ३३ के दाखवतो. बर्फातला फरक मोठा आहे, कारण १० के मध्येही पोटजाती आहेत, बीटा म्हणून एक आकडा असतो, ३४३५ आणि ३९५० हे नेहमीचे. २५ डिग्रीला दोघं जुळे भाऊ, गारव्यात गेले की वेगळे. काही मशीनना ५ के चा सेन्सर असतो, तो बर्फात साडेचौदा के च्या आसपास येतो. दोन्ही आकडे लिहून घ्या, खोलीच्या तापमानाचा आणि बर्फातला. दुकानात गेल्यावर हेच सांगायचंय.

शाहूपुरीतल्या त्या मशीनकडं परत येतो, कारण तिथं मी स्वतः चकलो होतो. सेन्सर बाहेर काढून बर्फात घातला, ३२ के आणि काहीतरी. उत्तम. हातात धरला, सरळ खाली आला. सेन्सर निर्दोष. मग सहा डिग्री गेल्या कुठं? मी वायरीवर टोचून मोजत होतो, जॅकच्या पिनांवर नाही. भिंग लावून जॅक बघितला तर एका पिनेवर हिरवट पांढरा थर, तांब्याच्या भांड्यावर चिंच न लावता महिनाभर ठेवलं की येतो तसा. आत १८ डिग्री असताना वायरीवर १३.७ के येत होते, तेच त्या पिनेतून मोजल्यावर १८ के च्या वर. साडेचार के त्या कळकटानं खाल्ले होते. १८ के म्हणजे बोर्डाच्या हिशोबानं १२ डिग्री. झालं, हिशोब जुळला. ते घर २०१९ च्या पुरात पाण्यात होतं. कूलर वरच्या मजल्यावर नेऊन वाचवला होता, पण पाणी ओसरल्यावर महिनाभर ओल धरलेल्या खोलीत तो तसाच उभा. पिन कॉन्टॅक्ट क्लीनरनं धुतली, सुईनं खरवडली, जॅक दहा वेळा आत-बाहेर केला. नवीन काहीच लागलं नाही. आपल्याकडं चार महिने पाऊस आहे, जूनमध्ये बंद करून ठेवलेलं मशीन दसऱ्याला चालू केलं की हा आजार हमखास दिसतो. म्हणून आधी जॅक, मग सेन्सर, सगळ्यात शेवटी बोर्ड.

उलटा आजारही असतो. मण्यात किंवा सांध्यात पाणी गेलं की दोन वायरींमधून चोरवाट तयार होते, रेझिस्टन्स कमी होतो, बोर्डाला वाटतं आत गरम आहे, आणि कॉम्प्रेसर थांबतच नाही. बाटल्या मागच्या भिंतीला लागून गोठायला लागल्या तर हाच संशय धरा.

सेन्सर ठीक, जॅक स्वच्छ, तरी आकडा चुकीचा असेल तर बोर्डाची परीक्षा घ्या. रेडिओ-टीव्हीचे सुटे भाग मिळतात त्या दुकानातून १० के चा साधा रेझिस्टर आणा, किंमत रुपया-दोन रुपये. सेन्सर काढून त्याच्या जागी तो जॅकमध्ये खोचा, वायरीला हात न लावता प्लग लावा. १० के च्या मशीननं आता २५ डिग्री दाखवायला पाहिजे. काही पॅनेल सेट केलेला आकडाच दाखवतात, खरा आकडा बघायला एखादं बटण दाबून धरावं लागतं. तर काही पॅनेल त्यांच्या पट्टीच्या वरचं काही दाखवतच नाहीत. तसं असेल तर १८ के चा रेझिस्टर लावा, बीटाप्रमाणे १० ते १३ च्या मधलं काहीतरी दिसायला पाहिजे. दोन्ही वेळा आकडा भलताच आला, तरच बोर्डवाल्याकडं जा. मी बोर्ड बदलायला सांगतो तेव्हा हा रेझिस्टर गिऱ्हाइकाच्या डोळ्यांदेखत लावून दाखवतो.

सेन्सर बदलायचा ठरला तर जुना नमुना खिशात घालून जा. इथं माझी एक चूक सांगतो. पन्हाळा रोडवरच्या एका हॉटेलचा कूलर होता, शनिवार होता, मला १० के मिळाला नाही. दुकानदार म्हणाला, ५ के घेऊन जा, सगळीकडं चालतो. मी घाईत लावला. ५ के चा सेन्सर १२ डिग्रीला साडेआठ के दाखवतो, आणि १० के च्या बोर्डाला साडेआठ के म्हणजे २९ डिग्री. रात्रभर कॉम्प्रेसर धावला. रविवारी सकाळी मालकाचा फोन, "मिस्त्री, बुचं वर आली राव!" मागच्या भिंतीला टेकलेल्या बाटल्यांत वाईनचा बर्फगोळा झाला होता. तीन बाटल्यांचे पैसे मी भरले. तेव्हापासून माझ्या पेटीत १० के चे दोन्ही बीटावाले आणि ५ के चा, असे तीन सेन्सर चिठ्ठी लावून असतात.

जोडणी करताना जुना जॅक वाचवा. जॅकपासून वीतभर वायर सोडून कापा, नवीन सेन्सर तिथं जोडा. या सेन्सरला प्लस-मायनस नसतो, कोणतीही वायर कुठंही चालते. दोन सांधे शेजारी-शेजारी घेऊ नका, एक दोन बोटं पुढं, एक मागं. आधी स्लीव्ह, म्हणजे तापवल्यावर आवळणारी प्लास्टिकची नळी, वायरीत ओवा, मग सोल्डर करा, मग स्लीव्ह तापवा. सोल्डर झाल्यावर स्लीव्ह टेबलावरच राहिली हे लक्षात येतं तेव्हा तोंडातून काय निघतं ते इथं लिहीत नाही. नुसती पिळून वर काळी टेप गुंडाळलेली जोडणी एक पावसाळा काढत नाही. सांधा शक्यतो कप्प्याच्या बाहेर घ्या, आत दमटपणा असतो.

मणी जुन्या जागेवरच बसवा, टोपीच्या आत, हवेत. कूलिंगच्या भिंतीला चिकटवला तर तो भिंतीचा गारवा मोजणार आणि बाटल्या कोमट राहणार. कोणी आळसात वायर पंख्यासमोर लोंबकळत ठेवतात, तेही नको.

प्लग लावा, पाण्याचा पेला परत मधल्या फळीवर ठेवा, आणि त्या दिवशी आकडा बघूच नका. कॉम्प्रेसर चालू असताना लगेच प्लग काढून लगेच लावू नका, पाच मिनिटं जाऊ द्या. दुसऱ्या दिवशी पेल्यात जे दिसेल ते खरं. एखादी डिग्री इकडंतिकडं असेल तर सेटिंग तेवढं सरकवा. काकूंच्या चॉकलेटांना १६ पाहिजे, त्यांच्या मशीनला मी १५ सेट करून दिलंय, आणि पॅनेलच्या त्या बटणावर टेपचा तुकडा लावलाय.

शेवटी दाराच्या आतल्या बाजूला कागदी टेपवर पेनानं लिहून ठेवा, '१० के, ३९५०' आणि महिना-साल. पुढच्या मिस्त्रीला बर्फ फोडायला लागणार नाही. बहुतेक वेळा तो पुढचा मिस्त्री मीच असतो आणि मला काही आठवत नसतं.